टॅक्सच्या नोकरीत राहून यूएस सीपीए: कुठला पेपर आधी द्यावा?

कोठीरोड_एमकॉम

नमस्कार. मी बडोद्यातच एका आउटसोर्सिंग ऑफिसात अमेरिकन टॅक्सचं काम करते. बहुतेक १०४० (व्यक्तींचं रिटर्न), आणि सीझनच्या शेवटी कोणी हाताशी नसलं की थोडे ११२०-एस (एस-कॉर्पोरेशन, म्हणजे जिच्या नफ्यावर शेअरहोल्डर कर भरतात अशा कंपनीचं). बी.कॉम. आणि एम.कॉम. दोन्ही एम.एस. युनिव्हर्सिटीचं. डिग्रीचं इव्हॅल्युएशन होऊन आलंय, सीपीएच्या (अमेरिकेतलं सीए म्हणा) परीक्षेचा अर्जही मंजूर झालाय. आता फक्त पैसे भरून पहिल्या पेपरचं एनटीएस (पेपरला बसायचं परवानगीपत्र) काढायचं, आणि गाडी तिथेच अडली आहे.

ऑफिसात ज्याला विचारावं तो म्हणतो एफएआर (फायनान्शियल अकाउंटिंगचा पेपर) आधी. कारण विचारलं की उत्तर एकच, "सगळे तसंच करतात." पुण्यात माझे मेव्हणे सीए आहेत, त्यांचंही तेच मत, पण त्यांनी स्वतः सीपीए दिलेलं नाही. कोचिंगवाल्यांच्या तक्त्यातही एफएआर, ऑडिट, रेग (टॅक्स आणि कायदा) आणि शेवटी डिसिप्लिन (चौथा, निवडीचा पेपर) असा क्रम छापलाय. डिसिप्लिनमध्ये मी टीसीपी (टॅक्स नियोजनाचा पेपर) घेणार, हे पक्कं आहे.

माझी अडचण अशी की आत्ता मे २०२६ चाललाय. १५ एप्रिलचा धुरळा नुकताच खाली बसलाय, टॅक्स डोक्यात ताजा आहे. एफएआर उघडलं तर बॉन्ड, लीज, सरकारी अकाउंटिंग, यातलं मी नोकरीत काहीच करत नाही. एम.कॉम.ला जे वाचलं होतं ते भारतीय मानकांचं, आणि तेही आता पुसट झालंय. मग रेग आधी द्यावा का? की तो सोपा जाईल म्हणून मी पळवाट काढतेय? तीस महिन्यांचं घड्याळ (तेवढ्यात बाकीचे पेपर काढायचे) पहिला पेपर पास झाला की सुरू होतं ना, त्याचीही धास्ती आहे.

घरचंही सांगून टाकते, कारण त्याशिवाय वेळापत्रक होणार नाही. आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा, पण पाहुणे पाच दिवस. नवरात्रात रोज नाही तरी चार रात्री तरी गरब्याला जाणारच, त्यावर कोणी भाषण देऊ नये. ज्यांनी नोकरी सांभाळून दिलंय त्यांनी सांगावं.

अलकापुरी_डेबिट

एफएआर आधी. सर्वांत मोठा पेपर, सक्तीच्या तीन पेपरांत सर्वांत कमी निकाल. २०२४ चे आकडे बघा, एफएआर ४० टक्क्यांच्या आसपास, टीसीपी ७० च्या वर. अवघड आहे ते उमेदीत उरकून टाकायचं. आणि घड्याळ सुरू व्हायच्या आधी एफएआर दोनदा गेला तरी फीशिवाय काही जात नाही. सोपा पेपर आधी पास करून घड्याळ चालू करायचं आणि मग एफएआरला भिडायचं, यात शहाणपण काय ते मला कळलेलं नाही. बाकी ताईंची मर्जी.

रावपुरा_१०६५

वरच्या भाऊंचा मुद्दा खोटा नाही, पण तो वर्षभर सारखा वेळ मिळणाऱ्या माणसाचा आहे. आपल्या धंद्यातल्या माणसाला वर्षात दोनदाच श्वास घ्यायला मिळतो. मी पार्टनरशिपच्या टीममध्ये रिव्ह्यूला आहे, चारही पेपर नोकरीत राहूनच दिले, रेग, टीसीपी, एफएआर, ऑडिट याच क्रमानं. का ते सांगतो. थोडं लांबेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. पेपर कुठल्या क्रमानं द्यायचे यावर काहीही बंधन नाही. मनात आलं तर डिसिप्लिन पहिलं द्या. रेगचा निकाल यायच्या आत टीसीपीला बसलात तरी चालतं. कोचिंगच्या तक्त्यातला क्रम हा त्यांच्या बॅचचा क्रम आहे, परीक्षेचा नाही.

आता कॅलेंडर घ्या. एफएआर, ऑडिट आणि रेग हे तीन कोअर (सक्तीचे) पेपर वर्षभर देता येतात. डिसिप्लिन मात्र तिमाहीच्या पहिल्या महिन्यातच, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. या चार महिन्यांवर आपल्या ऑफिसच्या तारखा ठेवून बघा. जानेवारीत क्लायंटचे कागद यायला लागतात आणि सुट्ट्या बंद होतात. एप्रिलमध्ये १५ तारीख. ऑक्टोबरमध्ये पुन्हा १५, एक्स्टेन्शनवाल्या १०४० ची. उरला जुलै. टॅक्सवाल्याला डिसिप्लिनसाठी वर्षात धड एकच महिना आहे, आणि तो दोन महिन्यांवर आलाय.

यंदा तर पंचांगानंही सूड उगवलाय. गणपती १४ सप्टेंबरला बसतात आणि १५ सप्टेंबरला १०६५ (पार्टनरशिपचं रिटर्न) आणि ११२०-एस ची वाढीव मुदत. नवरात्र ११ ऑक्टोबरपासून, मध्येच १५ ऑक्टोबर. ऑगस्ट ते दसरा या काळात कुठलाही पेपर ठेवू नका. तुम्ही पुस्तक उघडाल, पण पान उलटणार नाही. (गरब्यावर भाषण देत नाही. मी स्वतः पासधारक आहे.)

म्हणून माझं म्हणणं, जूनच्या शेवटी रेग आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात टीसीपी. दोन्हींचा गाभा एकच असल्यामुळे एका फोडणीत दोन भाज्या होतात. रेगमध्ये जे नियम म्हणून शिकता तेच टीसीपीमध्ये आकडे घालून, नियोजन म्हणून विचारतात. मध्ये सहा महिने गेले की दुसऱ्यांदा फोडणी करावी लागते.

पण पळवाटीचं जे तुम्ही विचारलंत, तर रेग तुम्हाला वाटतो तेवढा घरचा पेपर नाही. व्यक्तींच्या टॅक्सला साधारण २२ ते ३२ टक्के वजन आहे. बिझनेस लॉ १५ ते २५ टक्के, म्हणजे करार, एजन्सी, दिवाळखोरी, तारण कर्ज, यातलं आपण ऑफिसात काहीच बघत नाही. एथिक्स आणि सर्क्युलर २३० (अमेरिकन कर खात्यापुढे काम करणाऱ्यांचे नियम) वगैरे १० ते २० टक्के. तिथे १०४० चा अनुभव काडीचा उपयोगी नाही.

आणि जिथे अनुभव आहे तिथेच आपल्या टीममधली मुलं घसरतात, हे मी रिव्ह्यूला बसून रोज बघतो. सॉफ्टवेअर के-१ (भागीदाराच्या किंवा शेअरहोल्डरच्या वाट्याचं पत्रक) वरचा आकडा उचलून जागेवर ठेवतं, तोटा अडवायचा असेल तर अडवतं. का अडवला, हे कोणी विचारत नाही. परीक्षेत बेसिस (तोटा किती वजा करता येईल ते ठरवणारी मालकाची गुंतवणूक) हातानं काढायचा असतो. पार्टनरशिपच्या कर्जातला वाटा पार्टनरच्या बेसिसमध्ये धरतात. एस-कॉर्पोरेशननं बँकेकडून घेतलेलं कर्ज शेअरहोल्डरच्या बेसिसमध्ये येत नाही, भले त्यानं हमी दिलेली असो. त्यानं स्वतःच्या खिशातून कंपनीला उसने दिले असतील तरच येतं. या एका फरकावर रेगमध्येही प्रश्न असतात आणि टीसीपीमध्येही. तसंच भाड्याच्या घराचा तोटा. तो वजा करायची २५,००० डॉलरपर्यंतची सवलत उत्पन्न एक लाखाच्या वर गेलं की कमी व्हायला लागते आणि दीड लाखाला संपते. तुम्ही असे शेकडो रिटर्न केले असतील, पण कागदावर गणित मांडून बघा. पहिल्या प्रयत्नात बरोबर आलं तर मे महिना हातात आहे असं समजा. नाही आलं तर आजपासून बसा.

अजून एक. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत मोठा कर-कायदा झाला. परीक्षेत कुठल्या तारखेपासून कुठला कायदा विचारतात हे एआयसीपीए (परीक्षा बनवणारी संस्था) जाहीर करते. रेगची तारीख घेण्याआधी ते वाचा आणि तुमचं कोचिंगचं साहित्य त्याच आवृत्तीचं आहे का ते तपासा. ऑफिसात आपण ज्या वर्षाचे रिटर्न भरले त्याच वर्षाचे आकडे पेपरात असतील असं धरून चालू नका.

मग १६ ऑक्टोबरनंतर एफएआर. दिवाळी ८ नोव्हेंबरला, तिचे चार दिवस वजा करा. डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पेपर. सीझन संपला की पुढच्या मे-जूनमध्ये ऑडिट.

खंडेराव_ऑडिट

मी मूळचा बडोद्याचा, आता हैदराबादला एका अमेरिकन फर्मच्या ऑडिट सेंटरमध्ये. रावपुरा साहेबांचं कॅलेंडर वाचून मजा आली, पण दोन ठिकाणी अडखळलो.

पहिलं, हिशोब करून बघा. तुमच्या क्रमानं ताई २०२७ च्या जूनमध्ये सुटतात. आत्ता एफएआर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रेग, पुढच्या मे-जूनमध्ये ऑडिट आणि जुलैमध्ये टीसीपी असं केलं तर २०२७ च्या जुलैत. एका महिन्याच्या फरकासाठी एवढा खटाटोप?

दुसरं, एफएआर आणि ऑडिट यांच्यात सबंध सीझन घालणं मला पटत नाही. ऑडिटमध्ये रेव्हेन्यू, इन्व्हेंटरी, लीज यांच्यावर काय पुरावा घ्यायचा हे विचारतात, तेव्हा मुळात एंट्री काय हे डोक्यात असावं लागतं. मी दोन्ही पाठोपाठ दिले, त्याचा फार फायदा झाला. शिवाय ऑडिट हा वाचण्याचा पेपर आहे. ७८ बहुपर्यायी प्रश्न, आणि चारपैकी दोन पर्याय तर बरोबरच वाटतात. रिव्ह्यू, कंपायलेशन आणि प्रिपरेशन या ऑडिटपेक्षा हलक्या तीन कामांत अकाउंटंट नक्की कशाची खात्री देतो आणि कशाची देत नाही, यातच माणूस गटांगळ्या खातो. गुजराती किंवा मराठी माध्यमातून आलेल्यांनी, मीही त्यातलाच, या पेपराला भाषेचा पेपर समजून वेळ द्यावा. नोकरीत ऑडिटचा गंध नसेल तर जास्तच.

आणि एफएआर आपल्याला वाटतो तितका परका नाही. डबल एंट्री तीच आहे. फरकाच्या जागा वेगळ्या वहीत काढा. तिकडे लिफो (शेवटी आलेला माल आधी विकला असं धरणं) चालतं, आपल्याकडे नाही. इम्पेअरमेंटची (मालमत्तेची किंमत घटली म्हणून कमी केलेली) रक्कम आपल्याकडे काही अटींवर परत फिरवता येते, तिकडे वापरातल्या मालमत्तेची फिरवता येत नाही. अशी दोन-तीन पानं भरतील. खरं नवीन म्हणजे राज्य आणि स्थानिक सरकारांचं अकाउंटिंग. त्याला वजन कमी आहे, पण पूर्ण सोडून देण्याइतकं कमी नाही.

रावपुरा_१०६५

एका महिन्याचा हिशोब बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण तो सगळे पेपर पहिल्या फटक्यात निघाले तरचा आहे. एखादा राहिला तर काय, तिथे दोन क्रम वेगळे होतात.

तुमच्या क्रमात टीसीपी शेवटी, २०२७ च्या जुलैत. तो गेला तर पुढचे महिने ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल. तिन्ही आपल्या कामाचे नाहीत. म्हणजे तीन पेपर खिशात असलेला माणूस एका पेपरासाठी २०२८ च्या जुलैपर्यंत ताटकळणार, आणि तोवर रेगचं वाचलेलं विरलेलं असणार. माझ्या क्रमात टीसीपी यंदा गेलाच तर पुढचा जुलै आहेच, मधला काळ दुसऱ्या पेपरांना लागतो. एफएआर आणि ऑडिट हे कोअर, गेले तर मोकळा वेळ मिळताच पुन्हा देता येतात. म्हणून टॅक्सवाल्यानं डिसिप्लिन शेवटी ठेवू नये, एवढाच माझा हट्ट आहे. रेग आधी हा त्यातून आपोआप निघतो, कारण रेगशिवाय टीसीपी म्हणजे कपाळमोक्ष.

घड्याळाचं. बऱ्याच राज्यांनी १८ महिन्यांचे ३० केलेत आणि ते निकालाच्या तारखेपासून मोजतात. तुमच्या राज्याचं काय ते तिथल्या बोर्डाच्या साइटवर बघा, ऑफिसातल्या कोणाचं ऐकू नका. ३० धरले तर जुलै २०२६ मध्ये निकाल लागलेला रेग जानेवारी २०२९ पर्यंत टिकतो. मध्ये नोव्हेंबर-डिसेंबर तीनदा आणि मे ते जुलै दोनदा येतात. पाच मोकळे पट्टे, पेपर दोन. १८ महिने असते तर मी अलकापुरीच्या भाऊंच्या बाजूनं उभा राहिलो असतो.

ऑडिटबद्दल मात्र तुमचं मान्य. एफएआर डिसेंबरमध्ये दिला आणि ऑडिट मे-जूनमध्ये, तर मधल्या चार महिन्यांत बरंच उडतं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. सीझन हलवता येत नाही.

मांजलपूर_एसओसी

विषयांतर करतो. टीसीपी पक्कं म्हणताय म्हणून जास्त बोलत नाही, पण आयएससीला (डिसिप्लिनमधलाच आयटी सिस्टिम्सचा पेपर) लोक उगाच घाबरतात. त्यात बहुपर्यायी प्रश्नांना ६० टक्के वजन आहे, बाकी सगळ्या पेपरांत ५०-५०. एसओसी १ आणि एसओसी २ रिपोर्ट (सेवा देणाऱ्या कंपनीच्या कंट्रोल्सवरचे) नीट समजले की ऑडिटलाही मदत होते. खंडेरावांसारख्या ऑडिटवाल्यांनी विचार करावा. १०४० करणाऱ्यानं मात्र टीसीपी सोडून दुसरीकडे बघू नये. बीएआर (डिसिप्लिनमधला अकाउंटिंगचा पर्याय) तर नाहीच, २०२४ ला त्याचा निकाल एफएआरपेक्षाही खाली होता.

कोठीरोड_एमकॉम

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून बेसिसचं गणित हातानं केलं. एस-कॉर्पोरेशनचं कर्ज मी सरळ बेसिसमध्ये धरलं होतं. रावपुरा साहेब, आजपासूनच बसते.

रेग जूनअखेर आणि टीसीपी जुलैअखेर ठरवलं. खंडेराव दादा, एफएआर आणि ऑडिटमध्ये अंतर पडणार हे खरंच, पण डिसेंबरमध्ये एफएआर देताना ऑडिटच्या दृष्टीनं टिपणं काढून ठेवता येतील का? म्हणजे मेमध्ये पहिल्यापासून वाचावं लागणार नाही. तुमच्याकडे तशी काही पद्धत असेल तर सांगा.

अजून दोन शंका. दोन्ही पेपरांचं एनटीएस एकदमच काढू का? आणि नावाचं काय करायचं? माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं, मग बाबांचं. पासपोर्ट लग्नानंतर नवीन केला, त्यावर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव.

खंडेराव_ऑडिट

पद्धत सोपी आहे. एफएआरचा प्रत्येक विषय संपला की त्याखाली दोनच ओळी लिहायच्या. या आकड्यात कंपनी कुठे फसवू शकते, आणि ते पकडायला कुठला कागद मागायचा. इन्व्हेंटरी असेल तर वर्षअखेरचा माल पुढच्या वर्षात ढकलला का, त्यासाठी डिस्पॅचचे कागद. येणी असतील तर ग्राहकाकडून थेट कन्फर्मेशन. मेमध्ये ही वही आधी वाचा आणि मग ऑडिटचं पुस्तक उघडा. एंट्री आठवायला यानं निम्मा वेळ लागतो.

रावपुरा_१०६५

नावाचं आज करा, बाकी सगळं उद्या. भारतातल्या सेंटरवर पासपोर्ट दाखवावा लागतो आणि एनटीएसवरचं नाव त्याच्याशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर दारातून परत पाठवतात आणि फी बुडते. अर्ज मार्कशीटच्या नावानं मंजूर झाला असेल तर पैसे भरण्याआधी लग्नाचं प्रमाणपत्र जोडून नाव बदलून घ्या. त्याला वेळ लागतो, आणि तुमच्याकडे वेळच कमी आहे. पासपोर्टची मुदतही बघून घ्या.

एनटीएस दोन्हींचं आत्ताच काढायला हरकत नाही. बहुतेक राज्यांत ते सहा महिने चालतं, आणि तुमचे दोन्ही पेपर त्यात बसतात. एफएआर आणि ऑडिटचं मात्र आत्ता काढू नका, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते नुसतं पडून राहील. चारही एकदम काढायचा सल्ला ऑफिसात कोणीतरी देईलच, अर्जाची फी वाचते म्हणून. वाचते ती थोडी आणि बुडते ती पूर्ण.

अहमदाबादच्या सेंटरची जुलैची तारीख एनटीएस हातात येताच धरा, डिसिप्लिनवाल्या सगळ्यांना त्याच महिन्यात बसायचं असतं. तारीख नंतर बदलता येते, पण पेपर जवळ येईल तसा भुर्दंड वाढतो. सकाळचा स्लॉट मिळाला तर आदल्या रात्री अहमदाबादला मुक्काम करा. जुलैत पाऊस असतो, आणि एक्सप्रेसवे कितीही चांगला असला तरी अहमदाबादेत शिरल्यावर पुढचा अर्धा तास कोणाच्या हातात नसतो. पेपर चार तासांचा आहे, आदल्या दिवशीच्या शिफ्टला दांडी मारा. जुलैत कोणी अडवणार नाही.